कटाचा माग का राहतो?



वसंत ऋतूतल्या संध्याकाळी, खाडीवरून वारा सुटलेला असताना, माणसाने एखाद्या कवीविषयी किंवा नाटकाविषयी ऐकावे, हे अधिक स्वाभाविक. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आमच्याही मनात तसेच काही होते. परंतु गेली काही वर्षे एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही, आणि तो पनवेलकरांपुढेच मांडावा असे वाटले. प्रश्न असा की, जी माणसे महिनोन् महिने गुप्तपणे कट रचतात, ज्यांच्यापाशी पैसा असतो, हत्यारे असतात, परमुलखातले पाठीराखे असतात, त्यांच्या हातून इतक्या ढोबळ चुका का होतात? आणि चुका होत असतील, मागे खुणा राहत असतील, तर त्या आपल्याला स्फोटाच्या आधी का दिसत नाहीत?

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. दहशतवादी हा शब्द आम्ही कोणाला लावतो? ज्यांच्याशी आपले काही भांडण नाही अशा सामान्य माणसांना, इतरांना धडकी भरावी एवढ्याचसाठी जो मारतो, त्याला. परकीय सरकारने हा शब्द आपल्या क्रांतिकारकांनाही लावला होता, याची आम्हांस जाणीव आहे. येथून गोवा रस्त्याने निघालो की थोड्याच वेळात शिरढोण लागते. १८४५ साली वासुदेव बळवंत फडके तेथे जन्मले. त्यांचे बंड सत्तेशी होते. बाजारात खरेदीला आलेल्या बायकामुलांशी नव्हते. तेव्हा त्यांची पंगत वेगळी, आणि ती वेगळीच राहील. मात्र त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट आजच्या विषयाला उपयोगी पडते. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवरनावडगी येथे ते पकडले गेले, आणि पुण्यात खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी आणि आत्मकथन हाच सरकारपक्षाचा मोठा पुरावा ठरला. एवढा सावध आणि निधडा पुरुष, पण लिहिल्यावाचून त्याला राहवले नाही. गुपित पोटात ठेवून जगणे किती अवघड असते, याची ही साक्ष. हेतू उदात्त असो की नीच, गुपिताचा स्वभाव बदलत नाही.

आता त्याच गोवा रस्त्याने आपण आणखी पुढे जाऊ. माणगावहून उजवीकडे वळलो की म्हसळे, आणि त्याच्या पलीकडे समुद्र. त्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी ही दोन ठिकाणे आहेत. १२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअरबाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोन तासांत काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचे सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह, झवेरी बाजार अशी एकेक ठिकाणे हादरत गेली. २५७ माणसे मेली, ७१३ जखमी झाली. त्यासाठी लागलेली स्फोटके आणि शस्त्रे आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरली होती. जानेवारीत दिघीला, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन वेळा शेखाडीला.

त्या खटल्याच्या कागदपत्रांत पनवेलचेही नाव आहे. जानेवारी १९९३ च्या आरंभी येथल्याच एका हॉटेलात माल उतरविणारी माणसे आणि कस्टम्सची माणसे एकत्र बसली, आणि माल कसा सुखरूप जाऊ द्यायचा याचे बोलणे झाले, असे त्यात नमूद आहे. म्हणून म्हणतो, हा विषय पनवेलला परका नाही.

ही सूडाची करणी होती असे म्हटले गेले. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईच्या दंगलींत सुमारे नऊशे माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले. ते दुःख खरे होते. पण ज्या हमालाने काथा बाजारात गोणी उचलली होती, त्याने कोणाचे काय केले होते? दुःखाने असल्या कृत्याचे कारण कळते, त्याचे समर्थन होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या दुपारी वरळीला पोलिसांना रस्त्याकडेला सोडून दिलेली एक मारुती व्हॅन मिळाली. आत रायफली आणि हातबाँब होते. गाडी कोणाच्या नावावर आहे हे पाहिले, तो माहीमच्या मेमन कुटुंबातील एका स्त्रीचे नाव निघाले. पोलीस त्या घरी गेले तर कुटुंब देश सोडून गेलेले. पण घरात एक किल्ली सापडली. आणि ती किल्ली दादर-नायगाव भागात न फुटता उभ्या राहिलेल्या, स्फोटकांनी भरलेल्या स्कूटरला लागली. एवढा प्रचंड कट, आणि त्याचा दरवाजा उघडला गेला तो एका वाहनाच्या नोंदणीने आणि एका किल्लीने!

ही हकीगत ऐकली की आपल्याकडे दोन तऱ्हेची उत्तरे दिली जातात. कोणी म्हणतो, ‘अहो, पाप कधी लपत नाही. घडा भरला की फुटतो.’ कोणी म्हणतो, ‘ही माणसे मूर्खच असतात.’ दोन्ही उत्तरे मनाला बरे वाटण्यापुरती ठीक आहेत. पण घडा आपोआप फुटत असेल तर आपण कशाला काही करायचे? आणि ती मूर्ख असतील तर त्यांना घाबरायचे तरी कशाला? आमच्या मते माग राहतो त्याची कारणे दैवात नाहीत आणि मूर्खपणातही नाहीत. ती कट या गोष्टीच्या घडणीतच आहेत.

पहिले कारण असे की, कट हा हवेत होत नाही, संसारात होतो. आपण घरचे एक लग्न डोळ्यांसमोर आणा. चार माणसांचे का होईना, पण कोणाला कळू न देता करायचे म्हटले तर काय होते? कार्यालय पाहिजे, भटजी पाहिजे, वाण्याकडून सामान पाहिजे, गाडी पाहिजे. वाण्याची वही, कार्यालयाची पावती, गाडीवाल्याची ओळख, सगळीकडे कोणाचे ना कोणाचे नाव लागतेच. घातपाताचेही तसेच आहे. माल ठेवायला गोदाम, न्यायला वाहन, राहायला खोली, जायला तिकीट. हे सारे त्याच बाजारातून घ्यावे लागते, ज्या बाजारातून तुम्ही-आम्ही घेतो. आणि या बाजारात प्रत्येक वस्तूला मागचा-पुढचा धनी असतो. खोटे नाव दिले तरी ते कोणाला तरी द्यावे लागते, आणि ज्याला दिले त्याला देणाऱ्याचा चेहरा आठवतो. फ्रान्समधल्या लिऑन शहरी १९१० साली पोलिसांसाठी प्रयोगशाळा काढणाऱ्या एडमंड लोकार याने शास्त्राच्या भाषेत हेच सांगितले की, जेथे दोन वस्तूंचा स्पर्श होतो तेथे एकीचा अंश दुसरीला लागल्याशिवाय राहत नाही. तो बोटांचे ठसे आणि धूळ यांविषयी बोलत होता. आम्ही म्हणतो, समाजालाही हाच नियम लागू आहे.

दुसरे कारण माणसांचे. मोठा घात करायचा तर हात पुष्कळ लागतात, आणि जितके हात तितकी तोंडे. इंग्लंडच्या इतिहासात १६०५ सालचा दारूगोळ्याचा कट प्रसिद्ध आहे. पार्लमेंटच्या तळघरात छत्तीस पिंपे दारू भरून ठेवलेली, राजासकट सारे सभागृह उडवायचे, सर्व सिद्धता झालेली. आणि सभागृहात बसणाऱ्या एका सरदाराला निनावी पत्र गेले की, त्या दिवशी तिकडे फिरकू नका. पत्र राजापर्यंत पोहोचले, तळघर तपासले गेले, कट फसला. पत्र कोणी लिहिले याचा वाद अजून मिटलेला नाही. पण कटाची माहिती असलेल्या कोणाला तरी आपले एक माणूस मरू द्यावेसे वाटले नाही, एवढे उघड आहे. माणसाला नाती असतात, पश्चात्ताप असतो, भीती असते, बढाईही असते. आणि यांपैकी एकही गोष्ट कटाच्या हिशेबात बसत नाही. मुंबईच्या बाबतीतही स्फोटांच्या तीन दिवस आधी, दंगलीच्या गुन्ह्यात धरलेल्या एका माणसाने पोलिसांना बाँबच्या बेताची माहिती दिली होती, असे या प्रकरणाच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्याची बडबड म्हणून ती सोडून देण्यात आली. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

तिसरे कारण क्षुद्र आहे, पण जगभर आढळते. माणूस मोठ्या गोष्टीत प्राण द्यायला निघतो आणि चार पैशांच्या लोभात अडकतो. मुंबईच्या स्फोटांच्या बरोबर दोन आठवडे आधी, २६ फेब्रुवारी १९९३ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या तळघरात स्फोट झाला. सहा माणसे मेली, हजारावर जखमी झाली. ढिगाऱ्यात गाडीचा एक तुकडा मिळाला, त्यावर क्रमांक होता, आणि तो एका भाड्याच्या मोटारगाडीचा निघाला. ज्याने ती गाडी भाड्याने घेतली होती तो इसम काय करीत होता? गाडी चोरीला गेली असे सांगून, अनामत ठेवलेले चारशे डॉलर परत मागण्यासाठी तो भाडेवाल्याच्या दुकानात खेटे घालीत होता! ४ मार्चला तो पकडला गेला. कोणी हसेल, पण हसून सोडण्यासारखी ही गोष्ट नाही. ज्याचे सारे लक्ष एका मोठ्या कृत्यावर खिळलेले असते, त्याला त्याभोवतीच्या लहान गोष्टी दिसेनाशा होतात. अमेरिकेतच १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरात एकाने सरकारी इमारत उडवून १६८ माणसे मारली. दीड तासाच्या आतच तो रस्त्यावर अडविला गेला. कशासाठी? तर मोटारीला मागे क्रमांकाची पाटी नव्हती म्हणून. ज्या शिपायाने अडविले त्याला स्फोटाशी या माणसाचा काही संबंध आहे याची कल्पनाही नव्हती. त्याने फक्त आपले रोजचे काम केले.

चौथे कारण भीती आणि घाई. कागदावरचा बेत थंड डोक्याने आखलेला असतो, पण तो पार पाडणाऱ्याचे डोके त्या क्षणी थंड राहत नाही. वरळीची ती व्हॅन तेथे सोडण्याचे ठरलेले नव्हते. जवळच झालेल्या स्फोटाचा तडाखा तिला बसला, आतली माणसे बावरली आणि गाडी टाकून पळाली. स्वतःच्याच साथीदारांनी घडविलेल्या स्फोटाने कटाला तोंड फोडले. पुढे २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर समुद्रातून चाल करून आलेल्या दहा जणांचेही असेच झाले. त्यांनी वाटेत ‘कुबेर’ नावाची पोरबंदरची मच्छीमार बोट बळकावली, खलाशांना मारले, आणि मुंबईजवळ पोहोचल्यावर तांडेल अमरसिंह सोळंकी यांचाही जीव घेतला. बोट बुडवून टाकायची असा हुकूम होता. पण दुसरी कुठलीशी नाव जवळ येते असे वाटले, आणि न बुडविताच ते रबरी होडीत उतरले. मागे राहिला उपग्रहावरून बोलण्याचा फोन, वाट दाखविणारे यंत्र, आणि त्या यंत्रात कराचीकडच्या समुद्रापासूनचा सारा मार्ग. बोटीत परमुलखातली दंतमंजने आणि दुधाची भुकटी सापडली. माणूस मरायला निघाला तरी सकाळी दात घासतो, आणि त्याची नळी मागे उरते.

पाचवे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. कट करणाऱ्या धन्याला दोन गोष्टी एकदम पाहिजे असतात आणि त्या दोन्ही एकदम मिळत नाहीत. त्याला गुप्तता हवी असते, आणि आपल्या माणसांवर हुकमतही हवी असते. गुप्तता हवी तर माणसांना मोकळे सोडावे, त्यांच्याशी बोलू नये. पण सोडले तर ती कचरतील, पळतील, किंवा भलतेच करून बसतील ही धास्ती. म्हणून तो पुनःपुन्हा विचारतो, सूचना देतो, हिशेब मागतो. आणि प्रत्येक सूचनेबरोबर एक धागा मागे उरतो. २००८ च्या त्या तीन रात्री सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ताज आणि नरीमन हाऊसमधल्या आपल्या पोरांशी टेलिफोनवर सारखे बोलत होते, धीर देत होते, मारा म्हणून सांगत होते. ते बोलणे आपल्या पोलिसांनी ऐकले, ध्वनिमुद्रित केले, आणि तेच पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आले. ज्याचा आपल्या माणसांवर विश्वास नाही, त्याला बोलावे लागते. आणि जो बोलतो, तो ऐकला जातो. शिवाय दहशत ही मुळातच दाखविण्याची वस्तू. ती कोणी केली हे कोणालाच कळले नाही, तर तिचा उपयोग काय? म्हणजे लपायचे आणि मिरवायचे, दोन्ही एकाच वेळी. अशा धंद्यात माग राहणारच.

येथपर्यंतचे ऐकून श्रोत्यांना थोडे हायसे वाटले असेल. चोराच्या मनात चांदणे, तेव्हा तो सापडणारच, असे वाटले असेल. पण आमच्या व्याख्यानाचा हा निम्माच भाग झाला. आतापर्यंत सांगितलेल्या बहुतेक खुणा केव्हा वाचल्या गेल्या? माणसे मेल्यानंतर. व्हॅन सापडली ती सेंच्युरी बाजार उद्ध्वस्त झाल्यावर. ‘कुबेर’ सापडली ती हल्ला सुरू झाल्यावर. खूण राहते हे खरे. पण ती आपण होऊन बोलत नाही. ती वाचणारा लागतो, आणि वाचल्यावर न विकणारा लागतो.

‘विकणारा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीला उतरलेला माल घेऊन ट्रक निघाले, तेव्हा ते कोणाच्याच दृष्टीस पडले नाहीत असे नाही. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते अडविले. म्हणजे कटाचा माग त्या रात्री, स्फोटांच्या दोन महिने आधी, कायद्याच्या प्रत्यक्ष हातात आला होता. पुढे काय झाले? बोलणे झाले, रक्कम ठरली, आणि रोख पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेऊन ट्रक सोडून देण्यात आले. त्या फौजदाराला पुढे जन्मठेप झाली. कस्टम्सच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. पण त्या शिक्षा २००६-०७ साली झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ ला लागला. ट्रक मात्र त्याच रात्री पुढे गेले.

त्या माणसांना ठाऊक होते काय, की या वाटेने पुढे दोनशे सत्तावन माणसांचे मरण जाणार आहे? आम्हांस वाटते, कित्येकांना ठाऊक नसावे. आणि खरी भयंकर गोष्ट तीच आहे. त्यांनी विचारलेच नाही. कारण त्या किनाऱ्यावर माल उतरणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नव्हती. वर्षानुवर्षे सोने येत होते, चांदी येत होती, घड्याळे आणि कापड येत होते. होड्या ठरलेल्या, हमाल ठरलेले, ट्रक ठरलेले, हप्ते ठरलेले. गावात कोणाची होडी रात्री बाहेर पडली तर कोणी विचारीत नसे. या कटवाल्यांना नवा रस्ता बांधावाच लागला नाही. तो आधीच बांधून तयार होता. त्यांनी फक्त त्यावरून वेगळा माल आणला. ज्या डोळ्यांना चांदी पाहून मिटण्याची सवय झाली होती, ते स्फोटके पाहूनही मिटले.

आणि तो रस्ता बांधला कोणी? येथे आम्हांस बोट आपल्याकडेच वळवावे लागते. सत्तरीच्या दशकात आमच्या घरात पहिला टेपरेकॉर्डर आला, तो अशाच वाटेने आलेला होता. एका ओळखीच्या गृहस्थाने आणून दिला. पावती मागितली नाही, त्यानेही दिली नाही. शेजारी पाहायला आले तेव्हा ‘बाहेरचा आहे’ असे आम्ही मोठ्या ऐटीने सांगितले. त्यात आपण काही पाप करतो आहोत असे आमच्या स्वप्नातही नव्हते. आज हिशेब करतो तेव्हा जाणवते, की त्या रस्त्याच्या खडीत आमचाही एक दगड होता. तुमच्यापैकी ज्यांचे केस आमच्यासारखे पिकले आहेत, त्यांनी आपापले घर आठवून पाहावे. आम्ही कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. पण ‘सरकारी नोकर विकले गेले’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. विकणारा असतो तेथे घेणाऱ्यांची सवयही असते.

आता दुसऱ्या बाजूचा धोका सांगितला पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे अर्धवट राहील. खूण न पाहणे ही जशी चूक, तशी नसलेली खूण पाहणे हीही चूक. आणि तिची किंमतही माणसेच भरतात. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात स्फोट झाले. नऊ मुसलमान तरुणांना धरण्यात आले. त्यांनी वर्षे तुरुंगात काढली, आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकलगाड्यांतील स्फोटांत १८९ माणसे मेली; २०१५ साली बारा जणांना दोषी ठरविले गेले, आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून त्या बाराही जणांना सोडून दिले. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगावच्या स्फोटात एक मोटारसायकल हीच मोठी खूण होती. तिच्यावरून काही हिंदू आरोपींवर खटला चालला, आणि जुलै २०२५ च्या अखेरीस विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले, गाडीची मालकी निःसंशय सिद्ध झाली नाही असे म्हणून. या निकालांविषयी मतभेद आहेत आणि असणार. आम्ही त्यांतून एवढेच घेतो की, वाहनाचा क्रमांक, ठसा, किल्ली या खुणा बोलक्या असतात, पण त्यांचे बोलणे सबुरीने, क्रमाने आणि प्रामाणिकपणे लिहून घ्यावे लागते. लोकांचा संताप शमवावा म्हणून घाईने कोणाला तरी धरले की दोन अन्याय होतात. धरलेल्यावर एक, आणि ज्यांची माणसे गेली त्यांच्यावर दुसरा. कारण खरा मारेकरी तोवर दूर निघून जातो.

आणि एक विनंती. खूण म्हणजे माणसाचे आडनाव नव्हे, त्याची टोपी नव्हे, त्याची दाढी नव्हे. २००८ च्या त्या हल्लेखोरांच्या खिशात हिंदू नावांची खोटी ओळखपत्रे होती, आणि ती कशासाठी होती हे सांगायला नको. तुम्ही नावावरून माणूस ओळखता हे शत्रूला तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. गोंडघर फाट्यावरचा व्यवहार पाहा. पैसे देणारे, घेणारे, डोळे मिटणारे एका धर्माचे नव्हते. चांदीच्या विटेला धर्म नसतो. उलट बधवार पार्कच्या कोळीवाड्यात त्या रात्री रबरी होडीतून उतरलेल्या अनोळखी पोरांना कोळी बांधवांनी हटकले, ‘कोण तुम्ही, कुठून आलात?’ म्हणून. त्यांनी त्या पोरांचा धर्म पाहिला नाही. ही होडी आपल्यातली नाही, हे ओझे मासे धरणाऱ्याचे नाही, हे त्यांच्या सरावलेल्या नजरेला दिसले. खूण ओळखणे म्हणजे हे. रोजचे काय आहे हे ज्याला नीट ठाऊक असते, त्यालाच रोजचे नसलेले काय ते कळते.

पनवेलला हे सांगण्याचे कारण उघड आहे. एके काळी हे खाडीवरचे बंदर होते, तांदळाची आणि मिठाची पेठ होती. आज कोकणचा रस्ता, पुण्याचा रस्ता, उरणच्या बंदराकडची वाहतूक, रेल्वे, सारे येथे येऊन मिळते. आणि २०२५ साली विमानतळाचेही उद्घाटन झाले. कोण आले, कोण गेले, शेजारच्या खोलीत कोण राहते, हे कळेनासे व्हावे इतके गाव वाढले आहे. म्हणून प्रत्येकाने गुप्त पोलीस व्हावे, शेजाऱ्यांच्या खिडक्यांना कान लावावेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तसल्या गावात राहण्यापेक्षा न राहिलेले बरे. आम्ही मागतो ते फार लहान आहे. ज्याच्याकडे नोंदवही आहे त्याने ती खरी लिहावी. खोली भाड्याने देताना कागद करावा. नाक्यावर ज्याची पाळी आहे त्याने ती झोपून किंवा विकून काढू नये. कोणी येऊन काही सांगू लागला, तर त्याचा पोशाख मळका आहे म्हणून ती बडबड समजू नये. तीन दिवस आधी सांगणारा तो माणूस आठवावा. आणि पावतीशिवाय मिळणारी स्वस्ताई नाकारावी. या गोष्टींत शौर्य नाही. पण ओक्लाहोमाच्या त्या शिपायाने तरी दुसरे काय केले होते?

शौर्याची वेळ क्वचितच येते. आणि आम्हांस वाटते, जो रोजचे काम नीट करतो त्यालाच ती ओळखता येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे उभे होते. हुद्दा सहायक उपनिरीक्षक. हातात लाठी. गाडी अडविली गेली तेव्हा त्यांनी पुढे होऊन कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या शरीरात गेल्या, पण पकड सुटली नाही. आणि म्हणून दहांपैकी एक जिवंत हाती लागला. त्या एका माणसामुळे कटाचा सारा माग, कोठून आले, कोणी शिकविले, कोणी पाठविले, जगापुढे आला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले गेले. त्यांच्या आदल्या पिढीत, याच महाराष्ट्रात, दुसऱ्या एका नाक्यावर दुसरी माणसे उभी होती. तिथेही गाडी अडविली गेली होती. तिथेही माग हातात आला होता. एका नाक्यावर हात नळीला घट्ट राहिले, दुसऱ्यावर चांदीला.

श्रोतेहो, कटाचा माग राहतो, कारण कट करणाऱ्यालाही याच जगात राहावे लागते. तेवढे आश्वासन निसर्गाने आपल्याला दिले आहे. त्यापुढचे काही दिलेले नाही. तो माग कोणाच्या हाती लागावा, आणि त्या हातांनी काय करावे, हे आपल्यावर सोपविलेले आहे.